मोकळी जाळी

भावाचा फोन आला तेव्हा टेलरबाई शाळेच्या गणवेशाचं जांभळं कापड कापत होती. बाबांच्या पलंगाखालच्या दोन विटा पाण्यात गेल्या होत्या, तिसरी तेवढी उरली होती. तिने दातेरी कात्री टेबलावर आपटली आणि दुकान उघडं टाकून ती उतारावरून खालच्या गल्लीत धावली. कात्री बाबांचीच. कंबरेतून अधू झाल्यावर दुकानासकट त्यांनी ती लेकीच्या हाती दिली होती.

महिन्यातली ही तिसरी वेळ. मागच्या वेळी बाबांची छाती भरली होती. आणखी एकदा ओल बाधली तर माझ्या हातात काही नाही, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं. बाईचं डोकं ठिकाणावर राहणार कसं?

पाऊस थांबून दोन तास झाले तरी गल्लीत पोटरीभर पाणी होतं. गटारवाला उघड्या झाकणापाशी वाकून लोखंडी आकडा आत सोडत होता.

"आता उगवलात होय? परवा साफ केलंत म्हणे! डोंबल साफ केलंत!"

"केलं होतं, ताई. पुन्हा तुंबलं."

"आपोआप तुंबतं का? वर माझ्या दारातली जाळी बघा जाऊन. रोज सकाळी केर काढला की बांबू घालून मोकळी करते. काडी दिसायची नाही तुम्हाला. आणि पगार तुम्ही घेता!"

गटारवाल्याने आकडा आणखी खोल सोडला. मग तिने मोर्चा कोपऱ्यावरच्या हॉटेलवाल्याकडे वळवला.

"खरकटं गटारात ओतता ना? माझा बाप बुडतोय तिथे!"

हॉटेलवाल्याने निमूटपणे झाकणाचं पिंप दाखवलं. तिचा विश्वास बसला नाही.

"ज्याने कुणी हे केलंय ना," ती अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडली, "त्याला बाबांसमोर उभा करीन! त्यांच्या डोळ्यांत बघून सांग म्हणावं!"

पलंग खिडकीला लागूनच होता. बाबा सगळं ऐकत होते.

तेवढ्यात आकडा कशात तरी अडकला. गटारवाल्याने पाय रोवून ओढ घेतली, भावानेही हात लावला. चिखलाचा लांबलचक लोळा बाहेर आला आणि पाणी गुरगुरत उतरायला लागलं.

"हे बघा तुमचं हॉटेलचं खरकटं," म्हणत गटारवाल्याने त्यावर बादलीभर पाणी ओतलं.

चिंध्या होत्या. एकीत एक गुंतून दोरखंड झालेल्या, जांभळ्या चिंध्या.



बाबांनी खिडकीतून हात बाहेर काढला. भावाने एक चिंधी त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी तिच्या कडेवरून सावकाश अंगठा फिरवला, एकेका दात्यावर थांबत.

"कात्रीची धार अजून छान आहे गं," ते लेकीला म्हणाले.