पडून असलेलं मशीन

घरपट्टी थकली म्हणून पालिकेचे लोक जप्तीला आले होते. पंखा गेला, कपाट गेलं, शेवटी शिलाई मशीन उरलं.

पोटापाण्याचं अवजार जप्त करता येत नाही, हा नियम कारकून बोरकुट्यांना पाठ होता. साहेब शेजारीच उभे, म्हणून त्यांनी आडून विचारलं, "ताई, यावर शिवणकाम कोण करतं?"

बाईनं खडू लागलेली बोटं पदरात लपवली. कमाई कळली तर नवा कर बसेल, ही धास्ती तिच्या तोंडावर दिसत होती. "कोणी नाही. नुसतं पडून आहे."

"नक्की?"

"नक्की."

पंचनाम्यावर सह्या झाल्या. माणसांनी मशीनला हात घालताच ती पुढे धावली. सुईखालच्या अर्धवट पोलक्याचा दोरा तिनं दातानं तोडला. "गिऱ्हाइकाचं आहे," ती पुटपुटली.

सह्या झालेल्या पंचनाम्याची घडी घालत बोरकुट्यांनी ऐकू न आल्यासारखं केलं.