रिकामी डिकी

"एकोणीस पॉइंट चार!" बाबांनी समोरच्या पडद्यावरचा ॲव्हरेज वाचला. मुलाच्या या नव्या नादाची त्यांना गंमत वाटत होती.

मुलगा खूश झाला. आठवडाभर तो गाडीच्या मागे लागला होता. एअर फिल्टर बदलला, टायरमधली हवा मोजून भरली. आता लाल दिवा लांबून दिसला तरी तो ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलत होता.

"ब्रेक दाबला ना बाबा, की पेट्रोल जाळून मिळवलेला वेग नुसता उष्णता होऊन जातो. आणि डिकीतलं वजन! लोक गाडीचं गोदाम करतात. मी काल सगळं उपसलं."

"मग मला कशाला घेतलंस? मीही पंचावन्न किलोंचा आहे."

दोघंही हसले.

घरी दारापासून गाडीपर्यंतची चार पावलं बाबा त्याच्या आधारानं टाकत, पण आत्याच्या लांब बोळात गाडी शिरत नसे. कोपऱ्यावर गाडी लावायची, डिकीतली चाकांची खुर्ची उघडायची आणि बाबांना टोकाच्या घरापर्यंत ढकलत न्यायचं, हे ठरलेलं. त्यानं गाडी लावली, मागे जाऊन डिकी उघडली.

आत झाडून-पुसून लख्ख केलेलं मॅट होतं.

"काय रे, अडकली का?" बाबांनी विचारलं.

तो पुढे आला. "घरी आहे. काल... मीच काढून बाल्कनीत ठेवली."

बाबांनी एक पाय बाहेर टाकला. दार धरून अर्धे उठले. गुडघे लटपटले, तसे परत बसले.

"मी जाऊन घेऊन येतो."

"तासभर जायला, तासभर यायला. पेट्रोल कशाला जाळतोस उगाच?" आवाजात टोमणा नव्हता. म्हणून तर ते त्याला जास्त लागलं.

"मग उचलून नेतो तुम्हाला."

"ताईसमोर? तिनं मला कडेवर घेऊन वाढवलंय. आता तुझ्या कडेवर बसून जाऊ तिच्याकडे?"

बोळाच्या टोकाला आत्या दारात बसली होती. तिला आता उंबराही ओलांडवत नव्हता. बाबांनी फोन लावला.

"ताई, खुर्ची घरीच विसरलो गं. हो, मीच. डोकं ठिकाणावर आहे कुठं माझं?"

मग त्यांनी खिडकीतून हात वर केला. पलीकडच्या टोकाला एक हात वर झाला आणि बराच वेळ तसाच राहिला.

मुलानं गाडी घराकडे वळवली. पुढे लाल दिवा दिसला. पायाला सवय झालेली; तो आपोआप उचलला गेला. गाडी मंदावत, जराही हिसका न देता थांबली.

बाबांनी चष्मा सावरला आणि पुढे वाकले.

"बघ रे," ते म्हणाले, "विसाच्या वर गेला."