प्लग का जळतात

नातवाने गाडीला टर्बो बसवून घेतला आणि तेव्हापासून तिचे प्लग टिकेनात. घरी आलेल्या मेकॅनिकने तिसरा सेट काढून त्याच्यासमोर धरला. टोकं पांढरीफटक होऊन वितळली होती.

"साहेब, भर उन्हात कुणीतरी गाडी तुफान पिदडतंय. असं असेल तर उष्णता लवकर सोडणारे, थंड प्लग घालू. नाहीतर पुढच्या वेळी इंजिनच जाईल."

"अहो, पिदडणार कोण? मी रोज बसने ऑफिसला जातो. फक्त रविवारी काढतो, तीही चाळीसने. त्या स्पीडला तुमचे थंड प्लग काजळतील!" नातू अगदी रडकुंडीला आला होता.

मला राहवेना. "अरे, दुपारी मी नेते ना. परवा एकशे साठला काटा टेकवला."

त्याने कपाळावर हात मारला. "आजी, मागच्या महिन्यात तू मगरीच्या पाठीवर बसून नदी ओलांडली होतीस. इथे माझं डोकं फिरलंय, तुझ्या थापा नंतर!"

घ्या! जन्मात एकदा खरं बोलले, तर ही गत.

मेकॅनिकने पुन्हा तेच साधे प्लग बसवले. गाडी चालू करायला नातू आत शिरला आणि त्याचे गुडघे स्टिअरिंगवर दाणकन आपटले.

"दर रविवारी हेच!" तो ओरडला. "ही सीट आपोआप पुढे सरकते हो, तेवढी पण बघून घ्या."