शेजारच्या सीटवरचा माणूस

“आबा, मोबाइल काचेजवळच धरा. खाली आणला की रेंज जाते,” तेजस मान वर न करता म्हणाला, आणि जीवरामआबांनी हात पुन्हा खिडकीशी नेला.

एसटीने नुकतंच पाळधी मागे टाकलं होतं. तेजसच्या हातात गेम खेळायचा कन्सोल होता, कानांवर माइकवाला हेडफोन होता आणि त्या सगळ्याला लागणारं इंटरनेट आबांच्या मोबाइलमधून येत होतं. त्याचा स्वतःचा डेटा जळगाव स्टँडवरच संपला होता. खेळात चौघांची टीम होती. बाकीचे तिघे कुठल्या कुठल्या शहरांत बसून खेळत होते, त्यांची तोंडंही त्याने कधी पाहिली नव्हती. पण आज निवड फेरी होती. पोराचा सगळा जीव त्या वीतभर पडद्यात अडकला होता.

तसा तो निघाला होता बापाच्या डोळ्यांसाठी. आबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. शेजारच्या माणसाचं तोंड ओळखायचं तरी त्यांना जवळ जावं लागे. असोद्यातल्या झुलालनानांना धुळ्याच्या डॉक्टरांचा गुण आला, म्हणून आबाही तिथेच चालले होते. घरचं माणूस सोबत हवं, असं दवाखान्याने फोनवर बजावलं होतं. त्यासाठी तेजस दोन दिवसांची रजा काढून पुण्याहून आला. ऑपरेशनला पोरगा येतोय, हे आबांनी गावभर सांगून झालं होतं. ऑपरेशनपेक्षा त्यांना त्याचंच अप्रूप जास्त.

एरंडोल सुटल्यावर आबांनी एका हाताने मांडीवरचा डबा उघडला. तेजसच्या आईने भरीत आणि कळण्याची भाकरी बांधून दिली होती. भरताचा वास गाडीभर पसरला. आबांनी तुकडा मोडला, भरीत लावलं आणि अंदाजाने पोराच्या तोंडापाशी नेला.

“खाय ना रे. सकायपासून काहीच खाल्लं नाही तू.”

माइक चालू होता. तिकडे कोणीतरी फिसकन हसलं. टीमच्या कॅप्टनने विचारलं, हा कोण बोलतोय, तुझ्याकडे गावाकडचं कोण आलंय. आपण अस्सल पुण्याचे, असं तेजसने त्यांना सांगून ठेवलं होतं. त्याचे कान तापले.

“कोणी नाही रे,” तो म्हणाला. “शेजारच्या सीटवरचा माणूस आहे. उगाच गळ्यात पडतोय.”

आबांचा हात तिथेच थांबला. तो तुकडा त्यांनी स्वतःही खाल्ला नाही. डब्यात परत ठेवला, झाकण लावलं. मोबाइलचा हात मात्र काचेपासून हलला नाही.

तेजसने ते पाहिलं. पण त्याच वेळी खेळात समोरचे दोघे अंगावर आले होते. डाव संपला की बोलू, असं त्याने ठरवलं. बोलायला काय, एक शब्द पुरतो. एक शब्द पुरतो असं म्हणणाऱ्यांचीच जीभ ऐन वेळी जड होते, ते सोडा.

थोड्या वेळाने पुढच्या सीटवरची बाई मागे वळली. पोरगा तुमचाच ना आबा, तिने विचारलं, नाक अगदी तुमच्यासारखं आहे. आबांनी आधी हेडफोनच्या दिशेने पाहिलं.

“नाही, माय,” ते हळूच म्हणाले. “शेजारी बसेल हायेत.”

तेजसला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बोटं चुकली, खेळातला त्याचा गडी पडला. पारोळ्याला गाडी थांबली तेव्हा कन्सोलची बॅटरीही संपली. पडदा काळा झाला, तिकडचे आवाज गेले. आता माफी मागायला कशाचीच आडकाठी नव्हती. पण हेडफोन काढला असता तर बापाशी बोलावं लागलं असतं, म्हणून त्याने तो काढलाच नाही. धुळं येईपर्यंत तो काळ्या पडद्याकडे बघत नुसती बटणं दाबत राहिला. इतकी लाज त्याला आयुष्यात कधी वाटली नव्हती. आबा रागावलेत, असंच तो धरून चालला होता. त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या, तर त्याला बरं वाटलं असतं.

धुळ्याला उतरल्यापासून आबा त्याच्या चार पावलं मागे चालत होते. एकदा ठेचकाळले, तरी त्यांनी त्याचा खांदा धरला नाही.

दवाखान्यात काउंटरवरच्या नर्सने फॉर्म पुढे सरकवला आणि खड्या आवाजात विचारलं, “जीवराम नारखेडे. यांच्यासोबत घरचं कोण आहे? सही लागेल.”

तेजसने पाऊल पुढे टाकलं. तेवढ्यात आबा काउंटरवर वाकले. त्यांचा एक हात अजून वर होता, भिंतीतल्या खिडकीच्या दिशेने, आणि त्या हातात मोबाइल होता.

“सही तो करतो, माय,” ते नर्सच्या कानाशी कुजबुजले. “पण हयू बोल, मोठ्यानं नको. त्याच्या कानातलं चालू हाये. मी त्याचा बाप हाये, हे तिकडच्या लोकायले समजाले नको.”