सुईवरचा मोजा

सिस्टरने लोकरीचा मोजा उतरवला, तर दामूअण्णांच्या हातातली सलाइनची सुई जांभळी झालेली. शिरेत बुरशी धरू लागली की सुई रंग बदलायची. त्या भरवशावरच हल्ली महिना-महिना घरी सलाइन लावत.

"अण्णा, अंगात ताप आहे. रंग बघितला नाहीत?"

"काल बघितला. पण हात गार पडतो म्हणून हिने हौसेनं मोजा विणला. म्हटलं, सांगितलं तर सुई झाकली म्हणून हिलाच बोल लागेल."

सिस्टरने औषध दिलं, दुसऱ्या हाताला नवी सुई लावली. अण्णांच्या पत्नी शकूताई सगळं ऐकत होत्या. नवी लोकर घेऊन विणायला बसल्या.

संध्याकाळी त्यांनी अण्णांच्या हातावर नवा मोजा चढवला. सुईपाशी रुपयाएवढं भोक होतं.

"आता लपवा बघू," त्या म्हणाल्या.