तिसरं प्रकरण

सरपोतदार सर प्रबंधाचं प्रकरण नुसतं हातात तोलून मत देत. “पातळ आहे गं. पुन्हा लिही.” इलेक्ट्रॉनिक्सच्या हेमांगीची दोन वर्षं या तोलण्यात गेली.

या खेपेस तिने तिसऱ्या प्रकरणाची मधली पानं कोरून आत उजेड पडताच कोकलणारा बझर बसवला आणि फाइल नाडीने बांधून दिली. सर कसे दचकतील, या कल्पनेने ती आठवडाभर हसली. महिना गेला; सर दचकले नाहीत.

आज समिती तिची पीएचडीची नोंदणी रद्द करायला बसली होती. सर खेदाने म्हणाले, “अक्षरन् अक्षर वाचलंय मी. दर्जाच नाही.”

“बघू,” म्हणत अध्यक्षबाईंनी नाडी सोडून फाइल मधोमध उघडली. खोलीभर बोंब उठली.

“हा काय पोरकटपणा?” सर ओरडले.

“तिसरं प्रकरण, सर,” हेमांगी म्हणाली. “तुम्ही वाचलेलं.”