उलटी नाळ

"टायर माझ्या मनासारखे बसले तर गाडीतनं येईन," महिपत म्हणाला, "नायतर राजापूरची एस्टी आहेच."

मनस्वी टायरच्या दुकानापर्यंत स्वतःच्या गाडीतून आली होती आणि तिचा बाप, मासेमारी होडीचा तांडेल, म्हणजे होडी हाकणारा म्होरक्या, तिच्या मागून रिक्षाने. गाडी घेऊन वर्ष होत आलं तरी तो एकदाही आत बसला नव्हता. निळी, जमिनीला टेकल्यासारखी ठेंगणी गाडी. सुरू केली की त्यांच्या मिरकरवाड्यातली झोपलेली कुत्री उठून उभी राहत. आज दोघांना राजापूरला येसूबाईकडे, म्हणजे महिपतच्या बहिणीकडे जायचं होतं. आणि जायचं तर एकत्र, असं मनस्वीने ठरवलं होतं.

दुकानदार रितेशने दोन टायर समोर उभे केले. "हा मऊ रबराचा, ताई. कोरड्या रस्त्यावर असा चिकटतो, की वळणावर गाडी घसरत नाही. पावसात मात्र जपून. आणि हा दुसरा. हाही स्पोर्टचाच, पण खोल खाचांचा. पाणी बाजूला फेकतो."

मनस्वीचा हात मऊ टायरवरून फिरला. "घाटात हाच पाहिजे."

"आणि पावसात?" महिपतने विचारलं.

"पावसात हळू चालवीन."

"तू?"

रितेश हसला. मनस्वीलाही हसू आलं.

महिपतने दुसरा टायर जवळ ओढला. मधोमध टोक आणि दोन्ही बाजूंना मागे पसरत गेलेल्या खाचा. त्याने टोकावर अंगठा दाबला. "ह्याला नाळ आहे गो. होडीच्या पुढच्या टोकाला असते तशी. पुढनं पाणी फोडील नि दोन्ही अंगांनी सोडील. हाच घे."

मनस्वीने मऊ टायरकडे एकदा पाहिलं. मग तिने रितेशला सांगितलं, "खाचांचे चार बसवा."

महिपत बाकावर बसून सगळं बघत राहिला. चारही चाकं बसली. रितेशने गाडी हळूच पुढे घेतली. बाहेर जुलैचा पाऊस लागून राहिला होता आणि दुकानातली फरशी आत-बाहेर करणाऱ्यांच्या पायांनी चिखलाने माखली होती. तिच्यावर नव्या टायरांचे दोन स्वच्छ पट्टे उठले.

महिपत उठला. वाकला. बराच वेळ वाकूनच राहिला.

"उलटे बसवलेत."

"नाही हो तांडेल," रितेश म्हणाला. "बाजूला बाण आहे बघा. बाण पुढेच आहे."

"बाण तुमचा. मला ठसा दिसतोय. गाडी गेली पुढं नि नाळेचं टोक मागं. ही होडी मागं चाललीय." त्याने छत्री उचलली. "मनू, मी एस्टीनं जातो. तू ये सावकाश."

रितेश काही बोलणार होता. मनस्वीने त्याला हातानेच थांबवलं. दाराशी नमुन्याला ठेवलेला तसलाच एक टायर तिने बापासमोर आणून उभा धरला. त्याच्या माथ्यावरच्या एका टोकाला तिने खडूने खूण केली.

"बाबा, ह्याचं टोक कुठं आहे?"

"पुढं."

"आता मी पुढंच ढकलते. तुम्ही खडूवर नजर ठेवा."

तिने टायर हळूहळू लोटला. खडूची खूण माथ्यावरून पुढे झुकली, खाली उतरली, फरशीला लागली. ती थांबली. "आता?"

महिपत गुडघ्यावर बसला आणि फरशीला गाल लावल्यासारखा वाकून बघू लागला. टोक मागे होतं. त्याने वर माथ्याकडे पाहिलं. तिथे दुसरं टोक आलं होतं, आणि ते पुढे होतं.

"परत कर."

तिने परत केलं. मग तो म्हणाला, "दे इकडं," आणि त्याने स्वतः टायर लोटला. एकदा, मग आणखी एकदा, अगदी सावकाश. मनस्वी घाई न करता शेजारी उभी राहिली. लहानपणी जाळ्याची गाठ मारायला तो तिला शिकवायचा, तेव्हा तोही असाच उभा राहायचा. गाठ चुकली तरी स्वतः हात घालायचा नाही.

"होडी फिरत नाय," तो शेवटी म्हणाला. "चाक फिरतं."

"हो."

"म्हणजे टोक आधी पाण्याला लागतं नि मग मागं पडतं."

"बरोबर."

"मग आधी बोलायचं ना." त्याने छत्री रितेशच्या हातात दिली आणि पँटच्या गुडघ्यावरचा चिखल झटकला. "ह्या पोराला वाटलं असेल, म्हातारा खुळावला."

"छे हो," रितेश म्हणाला आणि त्याने छत्री मागच्या सीटवर ठेवली.

महिपत दारापाशी थोडा घुटमळला. उभा जन्म त्याने दुसऱ्याने हाकलेल्या होडीत पाय ठेवला नव्हता. मग तो आधी एक पाय, मग डोकं, मग दुसरा पाय असा त्या ठेंगण्या गाडीत शिरला. सीट इतकी खोल होती की रस्त्याऐवजी आधी बॉनेटच दिसत होतं. हात कुठे ठेवावेत ते त्याला कळेना. समोर धरायला काही नव्हतं. जे होतं ते तिच्या हातात होतं.

मनस्वीने इंजिन सुरू केलं. गाडी गुरगुरली. तिने बापाकडे पाहिलं. "निघूया ना, बाबा?"

"मला काय विचारतेस?" तो समोरच बघत म्हणाला. "तांडेल विचारत नसतो. सांगतो."

मनस्वीने दोन्ही हात स्टिअरिंगवर घेतले.

"बेल्ट लावा," ती म्हणाली.

महिपतने बेल्ट लावला.